योजना कागदावर, धंदा रस्त्यावर : आपल्या लहान व्यावसायिकांना खरोखर काय मिळू शकते?

६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीला जातो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, २० मार्चला महाडला. प्रत्येक ठिकाणी पुस्तकांचे, मूर्तींचे, पंचशील ध्वजांचे, कॅलेंडरांचे, पांढऱ्या कपड्यांचे स्टॉल लागतात. आपण तिथून ग्रंथ घेतो, बाबासाहेबांची तसबीर घेतो, वडापाव खातो आणि परत येतो. पण त्या स्टॉलमागे उभ्या असलेल्या माणसाचे उरलेले वर्ष कसे जाते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. माल भरायला त्याने पैसे कुठून आणले? कोणत्या व्याजाने? पाऊस आला, माल उरला, तर तो काय करतो?

आम्ही काही कार्यकर्ते गेली काही वर्षे वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी बसतो आणि लोकांचे अर्ज भरून देतो. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती यांच्यापासून सुरुवात झाली. हळूहळू धंदेवाले येऊ लागले. भाजीची गाडी, शिलाई मशीन, झेरॉक्सचे दुकान, बँडपथक, मंडप-डेकोरेशन, टेम्पो, ब्युटी पार्लर, खाणावळ. त्यांच्याशी बोलताना लक्षात आले की योजनांची कमतरता नाही. कमतरता आहे ती योजना आणि माणूस यांच्यामधल्या पुलाची. तो पूल बँक बांधत नाही, सरकारी कार्यालय बांधत नाही, आणि खरे सांगायचे तर आपली चळवळही बांधत नाही. म्हणून हा लेख. यात थोडे विश्लेषण आहे, थोडी उपयोगाची माहिती आहे आणि शेवटी आपल्या सगळ्यांसाठी एक काम आहे.

सध्या काय बदलले आहे

एप्रिल २०१६ मध्ये स्टँड अप इंडिया ही योजना मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. बाबासाहेबांचे नाव घेऊनच ती मांडली गेली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला आणि किमान एका महिलेला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज नव्या उद्योगासाठी द्यावे, असे तिचे सूत्र होते. देशात तेव्हा व्यापारी बँकांच्या सुमारे सव्वा लाख शाखा होत्या. म्हणजे अनुसूचित जाती-जमातींचे किमान सव्वा लाख नवे उद्योजक उभे राहायला हवे होते.

सरकारनेच दिलेली आकडेवारी बघा. मार्च २०२४ पर्यंत या योजनेत अनुसूचित जातींची ४६,२४८ आणि अनुसूचित जमातींची १५,२२८ खाती होती. दोन्ही मिळून साधारण साडेएकसष्ट हजार. आठ वर्षांत, दर शाखेला एक एवढेच लक्ष्य असताना, निम्मेही गाठले गेले नाही. महिलांची खाती मात्र १ लाख ९० हजारांच्या वर गेली, म्हणजे लक्ष्याच्या पुढे. तेव्हा बँका कर्ज देऊ शकत नाहीत असे नाही. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, इथे प्रश्न येतो.

या योजनेची मुदत मार्च २०२५ पर्यंतच होती. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पहिल्यांदा उद्योग करणाऱ्या ५ लाख महिला, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींसाठी पाच वर्षांत २ कोटींपर्यंतच्या मुदत कर्जाची नवी योजना जाहीर झाली. घोषणा मोठी आहे. पण महिला, अनुसूचित जाती आणि जमाती हे तीन गट एकाच आकड्यात बांधले, तर स्टँड अप इंडियात झाले तेच पुन्हा होऊ शकते. प्रत्येक गटाचा वेगळा आकडा ठरला पाहिजे आणि तो शाखानिहाय प्रसिद्ध झाला पाहिजे, ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी.

महाराष्ट्रासाठी आणखी एक मुद्दा आहे. स्टँड अप इंडियातल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध उद्योजकांना राज्याचा सामाजिक न्याय विभाग प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के मार्जिन मनी देत होता. उद्योजकाने स्वतःचे १० टक्के घातले की पुढची वाट मोकळी होत होती. केंद्राची नवी योजना येताना राज्याची ही मदत तिला जोडली गेलीच पाहिजे. सामाजिक न्याय विभागाकडे हा पाठपुरावा कोण करणार, हे आपल्या संघटनांनी ठरवायचे आहे.

कोटीची भाषा आणि हजारांची गरज

आमच्याकडे रविवारी येणाऱ्यांपैकी कोटीचे कर्ज मागणारा क्वचितच असतो. बहुतेकांना हवे असतात पंधरा हजार, पन्नास हजार, फार तर तीन-चार लाख. त्यांच्यासाठी आज काय आहे ते एकदा नीट समजून घेऊ.

पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी आहे. ती २०२० च्या जूनमध्ये कोरोनाच्या काळात सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली गेली आणि रकमाही वाढल्या. आता पहिला हप्ता १५ हजार, तो फेडला की २५ हजार आणि मग ५० हजार. वेळेवर फेडणाऱ्याला ७ टक्के व्याज अनुदान मिळते. तारण लागत नाही.

मुद्रा योजनेत शिशू (५० हजारांपर्यंत), किशोर (५ लाखांपर्यंत) आणि तरुण (१० लाखांपर्यंत) असे गट आहेत. तरुण गटातले कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत मिळू शकते. इथेही तारण नाही. मुळात लहान उद्योगांना किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१० पासून आहे. बँकेतला साहेब घराचे कागद मागत असेल तर त्याला हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात कर्जाबरोबर अनुदान आहे. विशेष प्रवर्गातल्या अर्जदाराला शहरात प्रकल्पाच्या २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळते, स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख ही प्रकल्पाची मर्यादा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम याच धर्तीवर चालतो. दोन्हींसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करायची.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या बीजभांडवल योजनेत बँक ७५ टक्के, महामंडळ २० टक्के आणि अर्जदार ५ टक्के अशी वाटणी असते. महामंडळाच्या वाट्यावर ४ टक्के व्याज आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध दोघांसाठी ते खुले आहे. पण अडचण अशी की महामंडळाची मंजुरी आली तरी फाइल शेवटी बँकेत जाते आणि तिथेच अडते.

पीएम विश्वकर्मा ही २०२३ ची योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. १५ हजारांपर्यंतची अवजारे, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाख कर्ज. या योजनेवर चळवळीत टीका झाली आणि ती रास्त आहे. पिढीजात कामाचा गौरव करता करता माणसाला पुन्हा त्याच कामात बसवण्याचा धोका तिच्या भाषेतच आहे. पण ज्या भावाचे पोट आज चप्पल शिवण्यावर किंवा गवंडीकामावर आहे, त्याला आपण तात्त्विक कारणासाठी अवजारे नाकारायला सांगणार का? आमचे मत असे की त्याने योजना घ्यावी आणि त्या पैशातून मुलीला इंजिनिअर करावे. टीका आपण करत राहू.

दाखल्याचा पेच

हा भाग आपल्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचा, आणि नाजूकही.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या त्या सुरू केल्या. केंद्राने १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना अनुसूचित जातींमध्ये मान्यता दिली. पण दुरुस्ती झाली ती धर्माच्या अटीत. जातींची यादी तीच राहिली. त्यामुळे केंद्राच्या योजनेसाठी दाखल्यावर यादीतल्या मूळ जातीचे नाव आणि धर्म बौद्ध, असे दोन्ही लागते. 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' एवढेच लिहिलेला दाखला केंद्राच्या कामात परत येतो.

अनेक तरुण म्हणतात, जे नाव आजोबांनी टाकून दिले ते आम्ही पुन्हा का लिहायचे? हा प्रश्न स्वाभिमानाचा आहे आणि आम्ही त्याला हलके लेखणार नाही. आमच्यातही यावर दोन मते आहेत. पण एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. बौद्ध हे राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या कायद्याखाली १९९३ पासून अधिसूचित अल्पसंख्याकही आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या विशेष प्रवर्गात अल्पसंख्याक येतात. म्हणजे जातीचा दाखला नसला किंवा तो काढायचा नसला, तरी बौद्ध म्हणून तेच २५ किंवा ३५ टक्के अनुदान मिळू शकते. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाची कर्जेही बौद्धांसाठी आहेत. महाराष्ट्रात ती मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत मिळतात. त्या कार्यालयात बौद्ध अर्जदार फार कमी दिसतो, कारण ते आपल्यासाठी आहे हेच आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

मात्र सरकारी खरेदीतला राखीव वाटा किंवा अनुसूचित जातींसाठीच्या खास योजना हव्या असतील, तर जातीच्या दाखल्याला पर्याय नाही. कोणती वाट धरायची ते ज्याने त्याने ठरवावे. पण माहितीअभावी दोन्ही वाटा बंद राहू नयेत.

बँकेच्या काउंटरवर

आमच्याकडे येणाऱ्या एका ताईची गोष्ट सांगतो. शिलाईकाम करतात, घरात दोन मशीन, आणखी दोन घ्यायच्या होत्या. त्यांनी मुद्रासाठी एका बँकेत अर्ज केला. पहिल्यांदा सांगितले, साहेब रजेवर आहेत. दुसऱ्यांदा, कोटेशन आणा. तिसऱ्यांदा, आधी पन्नास हजारांची ठेव ठेवा. चौथ्यांदा, कोटा संपला. चार महिन्यांत त्यांचे आठ दिवस बुडाले आणि हातात एकही कागद नव्हता. नाही म्हटल्याचाही नाही.

याच ठिकाणी आपले लोक हरतात. कारण तोंडी नकाराविरुद्ध कुठे दाद मागता येत नाही. म्हणून चार गोष्टी पाठ करून ठेवाव्यात.

पहिली, अर्ज दिला की पोहोच घ्यायचीच. ऑनलाइन अर्ज केला असेल तर त्याचा क्रमांक जपून ठेवायचा.

दुसरी, रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचित जाती-जमातींच्या पतपुरवठ्याविषयीच्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की या अर्जदारांचा अर्ज शाखेच्या पातळीवर नाकारायचा नाही. नाकारायचा असेल तर तो वरच्या पातळीवर आणि कारण नमूद करून. शाखेतले अनेक अधिकारीच हे विसरलेले असतात. अर्जासोबत एका ओळीत 'नाकारल्यास लेखी कारण द्यावे' एवढे लिहिले तरी वागणूक बदलते, हा आमचा अनुभव आहे.

तिसरी, सरकारी योजनेच्या कर्जासाठी ठेव ठेवायला सांगणे चुकीचे आहे. ताईंना आम्ही लेखी अर्ज करून हेच विचारायला सांगितले. त्यानंतर ठेवीचा विषय पुन्हा निघाला नाही.

चौथी, तक्रारीची पायरी. आधी बँकेच्याच तक्रार विभागाकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला एक रुपयाही लागत नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेचा व्यवस्थापक असतो. सरकारी योजनांची लक्ष्ये आणि पूर्तता त्याच्या बैठकीत मांडली जाते. तिथे आपले शिष्टमंडळ कधी गेले आहे का?

आता आपल्या बाजूचेही बोलू. बँकेने नाकारण्यामागे कधी कधी खरे कारण असते. सिबिल खराब असतो. मित्राला जामीन राहिलेले असतो, मोबाईलचा हप्ता थकलेला असतो. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. अर्ज करायच्या आधी तो काढून बघा. चुकीची नोंद असेल तर दुरुस्त करून घ्या. दुसरे म्हणजे खाते. गल्ल्यातला पैसा घरखर्चात, घरचा पैसा मालात, असे चालले तर धंदा नफ्यात आहे की तोट्यात हे आपल्यालाच कळत नाही, बँकेला काय कळणार? एक वही, एक वेगळे खाते, रोज रात्री दहा मिनिटे. याला पर्याय नाही.

रस्त्यावरचा कायदा

हातगाडी, टपरी, पाटी घेऊन बसणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. अतिक्रमणाची गाडी आली की पळापळ होते, माल उचलला जातो, दंड भरून अर्धा माल परत मिळतो. हे आपण इतकी वर्षे बघत आलो की तेच कायदेशीर वाटू लागले आहे. कायदा वेगळेच सांगतो.

सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विद्यमान विक्रेत्याला हटवता येत नाही. हटवायचे किंवा दुसरीकडे न्यायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत द्यावी लागते. दंड भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि अनुसूचित जाती, जमाती, अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व असावे, असेही कायदा म्हणतो.

तुमच्या शहरात ही समिती आहे का? तिची शेवटची बैठक कधी झाली? तिच्यात आपल्या वस्तीतले कोण आहे? माहिती अधिकाराचा एक अर्ज दहा रुपयांत होतो. नगरसेवकाच्या तिकिटासाठी जेवढी धावपळ होते तिच्या दहाव्या हिश्श्याने धावपळ केली तरी या समितीत आपली माणसे बसू शकतात. आणि भाजीवाल्या मावशीच्या जगण्यावर नगरसेवकाच्या भाषणापेक्षा या समितीच्या ठरावाचा परिणाम जास्त होतो.

थकलेली बिले आणि सरकारी खरेदी

बँडपथक, मंडप, छपाई, केटरिंग, लेबर कॉन्ट्रॅक्ट करणारे आपले तरुण एका दुखण्याने मोडतात. काम होते, बिल अडकते. सहा महिने, वर्ष. मध्ये मजुरांची उचल, सावकाराचे व्याज.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. तक्रार 'समाधान' पोर्टलवर करता येते. आयकर कायद्यातही आता तरतूद आली आहे की या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही. त्यामुळे मोठ्या कंपन्या थोड्या जाग्या झाल्या आहेत.

अट एकच, उद्यम नोंदणी. ती मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. ती काम घेण्याआधी करून ठेवा, नंतर वाद होतात. नोंदणी करून देतो म्हणून कोणी दोन-तीन हजार मागत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे. माल विकत घेऊन विकणाऱ्या दुकानदाराला मात्र या ४५ दिवसांच्या नियमाचा फायदा नाही, तो उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे.

सरकारी खरेदीत याहून मोठी संधी आहे. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी वार्षिक खरेदीच्या किमान २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून घ्यावे, असे धोरण आहे. अनामत रकमेत सूट आहे, निविदेची कागदपत्रे मोफत आहेत. मदतीसाठी २०१६ पासून राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब आहे. तरी प्रत्यक्ष खरेदी वर्षानुवर्षे या ४ टक्क्यांच्या बरीच खाली राहिली आहे. कारण विचारले की उत्तर येते, पात्र पुरवठादार मिळत नाहीत. हे उत्तर आपण नोकरीतल्या अनुशेषाच्या वेळीही ऐकले आहे. तेव्हा आपण मोर्चे काढले. खरेदीतल्या अनुशेषासाठी मोर्चा निघाल्याचे आम्हाला आठवत नाही.

हप्त्याचा सापळा

बँकेने नाकारलेला माणूस कुठे जातो? मायक्रोफायनान्सच्या गटात. दारात येऊन कर्ज देतात, कागद कमी मागतात. मग एकाचे फेडायला दुसरे, दुसऱ्याचे फेडायला तिसरे. वस्तीत अशी एक गल्ली नसेल जिथे हप्त्याच्या दिवशी एखादी बाई घराला कुलूप लावून शेजारी बसत नाही.

रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे की कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. व्याज आणि सर्व शुल्क लिहिलेला कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येणे, धमकावणे, नातेवाइकांसमोर अपमान करणे याला बंदी आहे. हे नियम छापून विहाराच्या फलकावर लावा. ज्या कर्जातून माल येत नाही, फक्त जुना हप्ता जातो, ते भांडवल नाही. त्याला धंद्याचे कर्ज म्हणू नये.

हा मार्ग आपला आहे का?

काही साथी विचारतात, १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू म्हटले. मग धंद्याचा एवढा पुरस्कार कशाला? २००५ मध्ये पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन झाली, तेव्हापासून 'दलित भांडवलशाही'वर वाद चालू आहे. काही कोट्यधीश झाल्याने समाज मुक्त होत नाही, हे टीकाकारांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. खासगीकरणाने सरकारी नोकऱ्या आटत असताना 'उद्योजक व्हा' हा सल्ला राखीव जागांवरून लक्ष हटवायला वापरला जातो, हेही खरे आहे. राखीव जागांची लढाई सोडायचा प्रश्नच नाही.

पण आम्ही बोलतो आहोत ते कोट्यधीशांबद्दल नाही. गाडीवर भाजी विकणारी मावशी भांडवलदार नसते. ती स्वतःच्याच धंद्यात मजूर असते. आणि तिच्याशी बाजार जातीने वागतो. शहरात गाळा भाड्याने घेताना आडनाव विचारले जाते. खाणावळीच्या पाटीवर काय नाव लिहायचे याचा विचार करावा लागतो. अमेरिकेतून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-व्यवहाराचा सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला. अर्थशास्त्रातल्या एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर इतरांचे काय! २००५ च्या आर्थिक गणनेवर आधारलेला एक अभ्यास सांगतो की देशातल्या उद्योग-व्यवसायांपैकी ९.८ टक्केच अनुसूचित जातींच्या मालकीचे होते, लोकसंख्येतला वाटा मात्र १६ टक्क्यांच्या वर. ही दरी योगायोगाने पडलेली नाही.

तथागतांनी दीघजाणू या गृहस्थाला सुखाचे चार आधार सांगितले : कष्टाने व कौशल्याने मिळवणे, मिळवलेले राखणे, चांगल्या माणसांची संगत आणि उत्पन्न बघून खर्च. सिगालाला उपदेश करताना मिळकतीचे दोन भाग व्यवसायात घालायला आणि एक भाग अडचणीसाठी ठेवायला सांगितले. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार मात्र वर्ज्य. धम्माने गृहस्थाच्या मिळकतीला कधी कमी लेखले नाही. ती कशी मिळवली आणि कशी वापरली, हे मात्र विचारले.

विहाराने करायची पाच कामे

शेवटी कामाचे बोलू. हे करायला मोठा निधी लागत नाही.

१. आठवड्यातून एक संध्याकाळ मदत केंद्र. दोन पदवीधर, एक लॅपटॉप, एक रजिस्टर. कोण आले, कोणता अर्ज, कोणत्या शाखेत, काय झाले. सहा महिन्यांत हे रजिस्टर कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा बोलके होते आणि अग्रणी बँकेच्या बैठकीत तेच पुरावा म्हणून ठेवता येते.

२. प्रत्येक व्यावसायिकाची एक फाइल. आधार, पॅन, जातीचा किंवा अल्पसंख्याक असल्याचा दाखला, उद्यम, बँकेचे वर्षाचे विवरण, दुकान असेल तर गुमास्ता. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्रात आता फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, परवान्यासाठी खेटे नाहीत.

३. प्रशिक्षण. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत, राहण्या-जेवणासह शिकवतात. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि बार्टीचेही वर्ग असतात. वस्तीतून दरवर्षी पाच जणांना तिथे पाठवायचे ठरवा.

४. एकत्र खरेदी. ६ डिसेंबरला जाणारे दहा स्टॉलवाले वेगवेगळे जाऊन चढ्या भावाने माल उचलतात. दहा जणांनी मिळून घाऊक बाजारात एकच ऑर्डर दिली तर प्रत्येकाचे भाडे आणि भाव दोन्ही वाचतात. 'दामदुप्पट' वाल्या आणि साखळी योजनांना मात्र विहाराच्या दारातही उभे करू नका. त्यात आपल्या लोकांचे आजवर फार पैसे बुडाले आहेत.

५. आपली खरेदी. जयंतीच्या मिरवणुकीचा मंडप, बॅनर, साउंड, जेवण यांचा खर्च समाजाच्याच वर्गणीतून होतो. तो कोणाकडे जातो? आणि काम आपल्या पोराला दिले तर त्याचे बिल ४५ दिवसांत देतो का आपण? आमच्याकडे येणाऱ्या एका मंडपवाल्याची सर्वांत जुनी थकबाकी एका जयंती मंडळाकडेच आहे. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. एवढ्या लोकांचा बाजार लहान नाही आणि एवढ्या लोकांचा आवाजही लहान नाही. शिक्षणासाठी आपण वसतिगृहे काढली, वाचनालये काढली. धंद्यासाठी एक टेबल आणि दोन खुर्च्या तरी मांडू या.

शिलाईवाल्या ताईंचे कर्ज सातव्या महिन्यात मंजूर झाले. आता त्यांच्याकडे चार मशीन आहेत आणि दोन मुली कामाला. पुढच्या रविवारी त्या विहारात आल्या, सोबत शेजारच्या तीन बायका होत्या. तिघींच्या हातात कागदांच्या पिशव्या. आम्ही रजिस्टरचे नवे पान उघडले.

जय भीम. नमो बुद्धाय.